पाण्याचे आण्विक वस्तुमान : १८

गेल्या आठवड्यात नववीच्या मुलांची चाचणी घेतली. धडा 'द्रव्याचे मोजमाप', गुण वीस, वेळ पाऊण तास. रात्री जेवणं आटोपून पेपर तपासायला बसले, तर एका उत्तरपत्रिकेत ही ओळ : 'पाण्याचे आण्विक वस्तुमान १८ आहे.' मी 'आण्विक'वर लाल काट मारली, वर 'रेणु' लिहिलं आणि अर्धा गुण कापला. हात सवयीनं चालत होता. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या या दोन खोल्यांत बावीस वर्षं शिकवण्या घेतेय. अणू आणि रेणू यांत गोंधळ करणारी मुलं दरवर्षी दहाबारा तरी असतात, त्यांच्यासाठी काट ठरलेली आहे.

हा मुलगा अशोक चौकाच्या पलीकडून सायकलवर येतो. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, मोबाइलवर हिंदी. माझ्याकडची बहुतेक मुलं आता सेमी इंग्लिशची. हा पूर्ण मराठी माध्यमाचा, म्हणून पुस्तकातले हे असले शब्द त्याच्याच वाट्याला येतात. पेपर वाटून झाले, बाकीची पोरं दाराशी चपला शोधत होती, आणि हा जागचा हलला नाही.

"मॅडम, अठरा तर बरोबर आलंय की."

"अठरा बरोबर आहे. शब्द चुकला. पाण्याचा अणू असतो का? रेणू असतो."

"पण व्हिडिओत आण्विकच सांगालेत."

"दाखव."

त्यानं मोबाइल काढला. कुठल्याशा हिंदी क्लासचे सर फळ्यावर लिहीत होते, 'जल का आणविक द्रव्यमान'. खाली दोन एके दोन, अधिक सोळा, बरोबर अठरा. मी तो तुकडा पुन्हा एकदा लावून पाहिला. सरांचं काहीही चुकलेलं नव्हतं. पोरानं 'द्रव्यमान'चं 'वस्तुमान' केलं होतं, 'आणविक'चं 'आण्विक' केलं होतं, म्हणजे भाषांतर करण्याइतकी अक्कलही चालवली होती. आणि मी त्याच्यावर काट मारून मोकळी झाले होते.

भानगड अशी आहे. मराठीत हायड्रोजनचा एकटा कण म्हणजे अणू आणि असे दोन-तीन कण एकमेकांना धरून बसले की रेणू. हिंदीत तो एकटा कण म्हणजे परमाणु आणि त्यांची जोडी जमली की अणु. म्हणजे हिंदीतला अणु हा आपला रेणू. साहजिकच हिंदीत 'आणविक' म्हणजे रेणूचं, आणि मराठीत 'आण्विक' म्हणजे अणूचं. लिपी तीच, शब्द जवळपास तोच, आणि अर्थ एक पायरी वरखाली. पुण्यात बालभारतीचं एकच मंडळ हे पुस्तक मराठीतही छापतं आणि हिंदीतही. आठवीच्या मराठी पुस्तकात धड्याचं नाव 'अणूचे अंतरंग'. हिंदी माध्यमाच्या पोराला तिथे परमाणु भेटतो. सरकार एक, अभ्यासक्रम एक, अठराही एकच.

मुंबईत हा घोळ पाट्यांवर दिसतो. भाभांच्या संस्थेला मराठीत आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो, हिंदीत ते भाभा परमाणु अनुसंधान केंद्र. आणि तिथल्या लोकांची वसाहत मात्र दोन्ही भाषांत अणुशक्तिनगर. हिंदीच्या काटेकोर हिशेबानं बघितलं तर त्या बिचाऱ्यांनी रेणूंच्या शक्तीचं नगर वसवलंय.

सोलापुरात राहून दोनच भाषांवर थांबणं शक्य नसतं. आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तर राहतात, कन्नड शाळेत विज्ञान शिकवायचे. त्यांना जिन्यातच गाठलं. म्हणाले, "आमच्यात परमाणु आधी, मग अणु. तुमचं मराठीचंच उलटं आहे." पण वर्गात परमाणु शिकवणारे हेच मास्तर कर्नाटकातल्या कैगाच्या अणुवीजकेंद्राची बातमी कन्नड पेपरात वाचतात तेव्हा तिथे 'अणु स्थावर' असं छापलेलं असतं, आणि ते त्यांना खटकत नाही. मुलाच्या आईला विचारलं. तिचं शिक्षण तेलुगू शाळेत सातवीपर्यंत. तिला आठवत नव्हतं. मग तिनं भावाला फोन लावला, भाऊ म्हणाला परमाणुवु म्हणजे सगळ्यात बारका, अणुवु त्याहून मोठा. झालं. हिंदी, कन्नड, तेलुगू एका बाजूला आणि मराठी एकटी दुसऱ्या बाजूला.

उर्दूनं तर हा पाटच मांडला नाही. माझ्या ओळखीच्या एक बाई उर्दू शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, एकट्या कणाला आम्ही जौहर म्हणतो आणि जोडीला सालिमा. जौहर म्हणजे मूळ तत्त्व, सत्त्व, आणि रत्नसुद्धा. त्यामुळे विशेषण झालं जौहरी. जौहरी म्हणजे आण्विक आणि जौहरी म्हणजे रत्नपारखीही. लिहिताना दोन्ही अगदी सारखे. उर्दू बातम्यांत 'जौहरी हथियार' ऐकलं की माझ्या डोळ्यांसमोर सराफ बाजारातला तराजू येतो, याला इलाज नाही.

पण मराठीच उलटी का? हे मला त्या रात्री झोपू देईना. उत्तर शेवटी विज्ञानाच्या पुस्तकात नव्हे, आमच्या आजीच्या सप्ताहात सापडलं. लहानपणी चाळीत भागवत सप्ताह बसायचा. तिसऱ्या स्कंधात काळाची मापं येतात, ती बुवा एका दमात म्हणायचे आणि आम्ही मुलं प्रसादाकडे डोळे लावून बसायचो. आता काढून वाचलं. दोन परमाणूंचा एक अणू, तीन अणूंचा एक त्रसरेणू. शिडीच्या तीन पायऱ्या : परमाणु, अणु, रेणु. हिंदीवाल्यांनी खालच्या दोन उचलल्या, आपण वरच्या दोन. मधल्या पायरीवर दोघांचाही पाय. ही माझी मांडणी आहे, शब्द ठरवणाऱ्यांच्या बैठकीला मी काही हजर नव्हते. पण दोन्हीकडच्यांना आधार एकाच श्लोकात मिळतो एवढं खरं. शिवाय मराठी माणसाच्या तोंडात 'अणुरेणू' ही जोडी आधीपासूनच बसलेली होती. आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरची वाट तुडवणाऱ्या तुकोबांनी 'अणुरेणिया थोकडा' म्हणून ठेवलं होतं. विज्ञानाला दोन शब्द हवे होते, घरात जोडी तयार होती. ती सोडून 'परमाणु' कोण आणणार?

त्रसरेणू म्हणजे काय, हे मात्र मला पुस्तकाशिवाय माहीत होतं. मनुस्मृतीत आठव्या अध्यायात वजनांची यादी आहे, तिची सुरुवातच त्यापासून होते : जाळीतून आलेल्या उन्हात जी सूक्ष्म धूळ दिसते ती. माझे अप्पा इथल्या एका गिरणीत ब्लो रूममध्ये होते. कापसाच्या गाठी फोडायच्या, पिंजायच्या, ते खातं. एकदा डबा द्यायला गेले तेव्हा दारातून पाहिलेलं आठवतं. उंचावरच्या झरोक्यांतून उन्हाचे तिरके खांब उतरले होते आणि प्रत्येक खांबात कापसाचे तंतू, फुटी, कण, सगळं वर-खाली होत होतं. खांबाच्या बाहेर हवा स्वच्छ दिसायची. आत पाऊल टाकलं की कळायचं की सगळीकडे तेच आहे, फक्त उन्हात दिसतंय. अप्पा घरी येत तेव्हा भुवया पांढऱ्या असत. आई उंबऱ्याबाहेरच टॉवेलनं झटकायची. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती भरून यायची, खोकला लागायचा, शनिवारपर्यंत जरा कमी व्हायचा. कापसाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं हे अगदी पुस्तकी लक्षण आहे, हे मला फार उशिरा कळलं.

वैशेषिकांचा, म्हणजे कणादांच्या परंपरेचा, हिशेब असा की दोन परमाणूंचं द्व्यणुक आणि तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक, तेच उन्हात दिसणारा त्रसरेणू. म्हणजे एका धूलिकणात सहा परमाणू. मी दरवर्षी मुलांकडून हे गणित करून घेते. कापसाचा एक कण घ्या, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा. कापूस म्हणजे सेल्युलोज, घनता पाण्याच्या दीडपट. कणाचं वस्तुमान काढा, सेल्युलोजच्या एका कडीच्या १६२ नं भागा, ॲव्होगॅड्रो अंकानं (१६२ ग्रॅममध्ये जेवढ्या कड्या असतात त्या आकड्यानं) गुणा, एका कडीत २१ अणू म्हणून पुन्हा २१ नं गुणा. उत्तर येतं साधारण एकावर चौदा शून्यं. कोटीला कोटीनं गुणलं तर जेवढं होतं तेवढं. पोरं दोनदा तपासतात, कारण चौदा शून्यं आली की आपलंच चुकलं असं वाटतं. कणाद सहा म्हणाले आणि निघाले कोटी गुणिले कोटी. पण वस्तू तोडत गेलं तर कुठेतरी थांबावं लागतं, हे त्यांनी कोणत्याही यंत्राशिवाय नुसत्या विचारानं धरलं, त्याचं मला आकड्यापेक्षा जास्त कौतुक आहे. नाहीतर मेरू आणि मोहरी सारखेच ठरतील, दोघांचेही तुकडे अनंत, असा त्या परंपरेचा युक्तिवाद. वर्गात सांगितला की मागच्या बाकावरचासुद्धा मान वर करतो.

ग्रीकांचंही तेच. त्यांच्या शब्दाचा अर्थच मुळी 'न कापता येणारा'. डाल्टननं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शब्द रसायनशास्त्रात पक्का केला. आणि १८९७ मध्ये थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला, तेव्हा न कापता येणाऱ्याचा तुकडा हातात आला. १९११ मध्ये रदरफर्डनं आतलं केंद्रक दाखवलं. नाव मात्र तेच राहिलं.

इथून 'आण्विक' या विशेषणाची खरी फरफट सुरू होते. शाळेत त्याचा अर्थ 'अणूचं, अणूसंबंधी'. वर्तमानपत्रात त्याचा अर्थ 'केंद्रकातून निघणाऱ्या ऊर्जेचं', म्हणजे बॉम्ब, अणुभट्टी, करार, जैतापूर. दोन्ही एकच आहेत असं आपण धरून चालतो. विश्वकोश करणाऱ्यांनी यात काळजी घेतली. त्यांनी केंद्रकाच्या गोष्टींसाठी 'अणुकेंद्रीय' असा वेगळा शब्द योजला, आणि अणूच्या गोष्टींसाठी 'आणवीय'. रेणूसाठी 'रेणवीय'. तिन्ही शब्द चोख आहेत. तिन्ही शब्द मी आजवर एकाही माणसाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. आणि अणुकेंद्रीय बॉम्ब म्हटलं तर तो पडायच्या आधी लोक अर्थ विचारत बसतील.

यावरून आठवलं. आमच्या एक मावशी फताटेवाडीच्या बाजूला राहतात. तिथे एनटीपीसीचं मोठं वीजकेंद्र झालं, ६६० मेगावॅटचे दोन संच. बांधकाम चालू होतं तेव्हा मावशी घाबरलेल्या. कुणीतरी पाटी वाचून सांगितलं होतं की आण्विक केंद्र येतंय. पाटीवर 'औष्णिक' लिहिलेलं होतं. मी गेले तेव्हा त्यांना म्हटलं, मावशी, हा कोळसा आहे, उष्णतेचं औष्णिक. त्या म्हणाल्या, "मग तसं लिहायचं की कोळशाचं. ष्णिक आणि ण्विक, आम्ही काय चष्मा लावून फिरावं?" त्यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. आपण विशेषणं करताना 'इक' लावतो, पहिला स्वर ताणतो, मधे जोडाक्षर घुसवतो, आणि दूरवरून सगळी एकाच घरची पोरं दिसायला लागतात.

गंमत म्हणजे काटेकोर अर्थानं मावशींचा कोळसाच जास्त 'आण्विक' आहे. कोळसा जळतो म्हणजे कार्बनचा अणू ऑक्सिजनच्या अणूंशी जोडला जातो. त्यात सगळी घडामोड बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. केंद्रकाला त्याचा पत्ताही नसतो. अणुभट्टीत युरेनियमचं केंद्रकच फुटतं आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन नुसते प्रेक्षक. कार्बनचा एक अणू जळताना जेवढी ऊर्जा मिळते त्याच्या साधारण पाच कोटी पट ऊर्जा युरेनियमचं एक केंद्रक फुटताना मिळते. एवढा फरक असून दोघांना वेगळी नावं देताना आपण घरमालकाचं नाव भाडेकरूला दिलं. हे मराठीचंच पाप नाही. जगभर तसंच झालं. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ ला जो पडला त्याला सगळ्यांनी अणुबॉम्बच म्हटलं, १९५४ मध्ये आपल्या सरकारनं खातं काढलं ते अणुऊर्जेचं. शब्द रुळला की शास्त्र त्याला हलवू शकत नाही.

शब्द रुळण्याचा दुसरा टोकाचा नमुना दिवाळीत दिसतो. फटाक्यांच्या स्टॉलवर हिरव्या सुतळीत गुंडाळलेला 'ॲटम बॉम्ब' मिळतो. पोरं तो पत्र्याच्या डब्याखाली लावतात. त्यात होतं काय, तर रसायनांची चटकन होणारी ज्वलनक्रिया, म्हणजे मावशींचा कोळसाच, फक्त घाईत.

घड्याळाचं विशेषण मात्र खरं आहे. आण्विक घड्याळ म्हणतात ते केंद्रक-बिंद्रक न फोडणारं, स्फोट-बिफोट नसलेलं, साधं अणूचं घड्याळ. सिझियमच्या अणूत एक ठरावीक उलाढाल होते तेव्हा निघणाऱ्या लहरींची ९,१९,२६,३१,७७० आवर्तनं झाली की एक सेकंद, ही व्याख्या १९६७ पासूनची. आमच्या लहानपणी सोलापूरचा सेकंद गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा झाला की आई चुलीवर तवा ठेवायची.

आता जो भाग सांगायचा आहे तो माझ्या विषयाबाहेरचा, म्हणून भाचीच्या भरवशावर. ती पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मागे मी फोनवरून एका दुकानदाराला अडीच हजार पाठवले. माझ्या खात्यातून गेले, त्याच्याकडे पोचले नाहीत. दुकानदार म्हणतो आले नाहीत, बँक म्हणते गेले. तीन दिवसांनी परत आले ते वेगळं, पण ते तीन दिवस मी त्या दुकानासमोरून जायचं टाळलं. भाचीला सांगितलं तर म्हणाली, "आत्या, तो व्यवहार ॲटॉमिक असायला हवा होता." मी म्हटलं, म्हणजे काय, त्यात युरेनियम घालायचं? तिनं समजावलं. संगणकाच्या भाषेत ॲटॉमिक म्हणजे ज्याचे तुकडे होत नाहीत असं काम. पैसे इथून वजा होणं आणि तिथे जमा होणं ही दोन कामं दिसली तरी त्यांचं एकच गाठोडं बांधायचं. झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच झालं नाही. अर्धवट अवस्था कुणालाही दिसता कामा नये. दोन वेगळ्या बँका असल्या की ते बांधणं अवघड जातं, आणि मग चुकलेलं मागाहून निस्तरावं लागतं. माझे तीन दिवस त्या निस्तरण्यात गेले.

मी फोन ठेवला आणि बराच वेळ हसत बसले. शास्त्रज्ञांनी अणू फोडला, केंद्रक फोडलं, प्रोटॉनच्या आतले क्वार्कही ओळखून ठेवले. 'न कापता येणारा' हा मूळ अर्थ भौतिकशास्त्रात केव्हाच गेला. आणि तो अर्थ जसाच्या तसा जिवंत राहिला कुठे, तर हिंजवडीत, बँकेच्या हिशेबात.

त्यात आणखी एक गुंता, सेमीवाल्या पोरांचा. त्यांच्या रसायनशास्त्रात ॲटॉमिसिटी असते, म्हणजे एका रेणूत अणू किती. ऑक्सिजन २, ओझोन ३, फॉस्फरस ४, गंधक ८. हीच मुलं पुढे संगणक शिकायला जातात तिथेही ॲटॉमिसिटी असते, आणि तिचा अर्थ तुकडे नसणं. एकीकडे तुकडे मोजायचे, दुसरीकडे तुकडे नाहीत म्हणायचं. शब्दाचं स्पेलिंगसुद्धा बदलत नाही.

भाचीनं विचारलं, याला मराठीत काय म्हणशील? 'आण्विक व्यवहार' म्हटलं तर लोक बँक रिकामी करून पळतील. अखंड म्हणावं तर ते दिव्याला आणि पारायणाला लागतं. अच्छेद्य कुणाला उच्चारता येणार नाही. मग सुचलं, अभंग. भंग न होणारा. ग्रीकांच्या शब्दाची फोड केली तर तीच निघते, 'अ' म्हणजे नाही आणि पुढचा भाग म्हणजे कापणं. अभंग व्यवहार. भाची म्हणाली छान आहे, पण ऑफिसमध्ये वापरता येणार नाही. हे मलाही माहीत होतं. तरी मला तो आवडला, आणि 'अणुरेणिया थोकडा' ज्या रचनेत येतं तिचं नावही हेच, हे लक्षात आल्यावर तर जास्तच.

वरच्या मास्तरांना हे सांगायला गेले तर त्यांनी आपलाच एक पत्ता काढला. ते लिंगायत, सिद्धेश्वराच्या देवळात सकाळचा फेरा कधी चुकवत नाहीत. म्हणाले, "अणूचं विशेषण तुम्ही आण्विक करता, आमच्याकडे त्याचं आणव होतं." मधूचं माधव, मनूचं मानव, तसं अणूचं आणव. शैव परंपरेत जिवाला लागलेले तीन मल सांगतात, आणव, माया आणि कर्म. त्यातला पहिला आणव मल म्हणजे मी एवढासा आहे, अणूएवढा आहे, असं जिवाला वाटत राहणं. मूळचा तो शिवच, पण स्वतःला कण समजून बसलेला. दीक्षा देताना गुरू हा मळ काढतो म्हणे. मी म्हटलं, मास्तर, मग आमचे तुकोबा अणुरेणूहून थोकडे असून पुन्हा आकाशाएवढे, ते हेच का? ते म्हणाले, "ते तुम्ही तुकोबांना विचारा, मी केमिस्ट्रीवाला आहे." आणि चहा टाकायला आत गेले.

हे सगळं होईपर्यंत आठवडा गेला. मंगळवारी मुलगा आला तेव्हा मी त्याचा पेपर मागून घेतला, काटेवर काट मारली आणि अर्धा गुण परत दिला. वर्गाला सांगितलं की याचं उत्तर हिंदीत पूर्ण बरोबर आहे, तेलुगूत आणि कन्नडमध्येही बरोबर आहे. बोर्डाच्या मराठी पेपरात मात्र 'रेणुवस्तुमान' लिहा, कारण तपासणाऱ्याकडे माझ्यासारखाच लाल पेन असेल आणि तो जिन्यात मास्तरांना गाठायला जाणार नाही. मागून एकजण म्हणाला, "काय बे, तुला चार भाषांत मार्क मिळालेत." हशा झाला. ते पोरगं लाजलं, पण वही बंद करेना.

"मॅडम, मग मिठाचंपण रेणुवस्तुमानच लिहायचं का? साडेअठ्ठावन्न?"

"हो. तेवीस अधिक साडेपस्तीस."

"पण मिठात रेणू नसतोय की. त्या व्हिडिओत सांगितलंय. नुसते आयन असतात, एकाला एक लागून, सगळीकडे. जोडी अशी वेगळी काढताच येत नाही."

बरोबर होतं. मिठाच्या स्फटिकात प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, कोण कोणाचा जोडीदार हे सांगता येत नाही. नीट बोलायचं तर मिठाचं सूत्रवस्तुमान, म्हणजे सूत्रात लिहिलेल्या अणूंच्या वस्तुमानांची बेरीज, म्हणायला हवं. बावीस वर्षं मी फळ्यावर 'मिठाचे रेणुवस्तुमान ५८.५' असं लिहीत आलेय, त्याच्याखाली दोन रेघा मारून.

मी डस्टर उचललं. सात वाजून गेले होते, बाहेर एकाची आई गाडीचा हॉर्न वाजवत होती. म्हटलं, गुरुवारी बघू, आणि येताना तो व्हिडिओ घेऊन ये.